उतर म्हणणारा

सोमवार
आज नव्या साइटवर क्रेन चालवायला रुजू झालो. केबिन ऐसपैस, काच लख्ख. राहायला गोदामामागची खोली मिळाली. हिला फोन केला तर म्हणते, आता उंचावर बसणार म्हणजे तुमचं नाक आणखी वर जाणार!

आवारावरून विजेच्या तारा गेल्यात. क्रेनचा दांडा तारेजवळ सरकला की शिट्टी मारायला एक म्हातारे गृहस्थ आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी मला शाळेतल्या पोरासारखं घोकायला लावलं: दांडा तारेला लागलाच तर आतच बसायचं. खालच्या जमिनीतही वीज उतरते. तार बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पाय खाली टाकायचा नाही. आग लागली तरच उडी, तीही पाय जुळवून, लांब, क्रेनला हात न लावता. मला हसू आवरेना.

मंगळवार
काम झकास चाललंय. दुपारी क्रेनसमोर एक जण मला उतरायची खूण करत होता. जेवायला बोलावतोय असं वाटून उतरलो, तर कोणीच नाही. फिटरला विचारलं. त्याने विषय बदलला.

बुधवार
तो पुन्हा आला. हाताने सारखं एकच, उतर, उतर. मामांना सांगितलं तर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. तो म्हणे माझ्या आधीचा ड्रायव्हर. दांडा तारेला लागला तेव्हा तो आत सुखरूप होता. लोकांनी ओरडून ओरडून त्याला उतरवलं. एक पाय पायरीवर, एक जमिनीवर, तिथेच संपला. मामा म्हणाले, तो दिसला तरी तू तारेकडेच बघ.

शुक्रवार सकाळ
मामांची सून बाळंत झाली, ते उशिरा येणार. मी म्हटलं, ते आल्याशिवाय दांडा हलवणार नाही. मुकादम म्हणाला, लाइन बंद करून घेतलीय, चढ. वर सगळ्यांदेखत भित्रा म्हणाला. माझं डोकं फिरलं. चढतोय.

दुपार, केबिनमध्ये
तो दिसला. मी त्याच्याकडेच बघत राहिलो. दांडा लागला. लाइन चालूच होती.

मी आत आहे. ठीक आहे. खाली बघायचं नाही म्हणून लिहितोय. मुकादम लांबून ओरडतोय, उतर. तोही तेच म्हणतोय. भीती वाटतेय, फार —

मामा आले! सगळ्यांना मागे रेटलं. मला दोन्ही हातांनी खूण, बसून राहा. वीजवाले निघालेत म्हणे.

मागच्या टायरमधून धूर —

जाळ. मामा ओरडतायत, आता उडी मार —

दार उघडलंय. मी पडणार बरोबर तिथेच तो उभा. मामांना दिसत नाहीये, ते म्हणतायत मार, मार उडी — आणि तो आता उतर म्हणत नाही. नुसते हात पसरलेत, झेलायला —