वेलीपासून उंबऱ्यापर्यंत

३ नोव्हेंबर

लग्नाआधी बेलार्मिनो आणि मी आगीच्या डोंगराच्या पायथ्याशी राखेत रताळी पुरायचो. तिथली राख आतून गरम. वर बसून राहायचं, बोलायचं काही नाही. रताळं भाजलं की साल काढून मोठा तुकडा तो मला द्यायचा. माझी बोटं पोळली की ती आपल्या कानाच्या पाळीला लावायचा.

आज सकाळी आमच्या द्राक्षवेलीच्या खड्ड्यात हात घातला आणि बोटांना तीच ऊब लागली. इथली जमीनही राखेचीच, पण ती कधी गरम नसते. डोंगर पार तिकडे, मैदानाच्या टोकाला.

५ नोव्हेंबर

लग्नाच्या दिवशी आम्ही एकाच खड्ड्यात दोन वेली लावल्या, एक त्याची, एक माझी. वाऱ्याच्या बाजूला अर्धगोल दगडी भिंत त्यानंच रचली. तो गेल्याला येत्या एकवीसला वर्ष होईल. मेलेल्या माणसाची वेल वर्षभर छाटत नाहीत. त्याची कोयती भिंतीला टांगून ठेवतात, वाटलं तर त्यानं येऊन छाटावी म्हणून. वर्ष भरलं की प्रार्थना, आणि मग बायकोनं ती वेल बुंध्यापर्यंत कापायची.

माझी वेल वाळक्या दोरासारखी पडली आहे, या दिवसांत असते तशी. त्याच्या वेलीला कोंब आले आहेत. नोव्हेंबरात!

९ नोव्हेंबर

आमची राख पहाटे दवानं काळीभोर होते. वेली त्या दवावरच जगतात. आज वेलीपासून मक्याच्या वाफ्यापर्यंत मधेमधे करडे, कोरडे डाग दिसले. एक गोल, एक लांबट. पुन्हा एक गोल, एक लांबट.

बेलार्मिनो डावा पाय ओढत चालायचा.

१० नोव्हेंबर

डाग अंजिरापाशी आले. फोनवर ओदीलियाला यातलं काही सांगितलं नाही. तिचं नेहमीचंच — "आई, खाली शहरात ये ना. तिथं बोलायला आहे कोण तुझ्याशी?"

आहे, म्हणावंसं वाटलं.

१३ नोव्हेंबर

शेजारची इझिल्दा चीज घेऊन आली. मोठी म्हणून मला न्हा बिबियाना म्हणते, आणि मग तोंडाला येईल ते बोलते. मी अंगणात दोन ताटं मांडलेली पाहिली तिनं.

"पाहुणे येणारेत?"

मी तिला डाग दाखवले. ती हसली. "जिवंत होता तेव्हा जेवायला हाका मारून मारून तुझा घसा बसायचा, न्हा बिबियाना. आता बघ, न बोलावता येतोय."

मग वाकून तिनं डागावर तळवा ठेवला. तो लगेच उचलून झग्याला पुसला. हसणं थांबलं होतं.

"हा बेलार्मिनो नाही," म्हणाली. "माझी आई सांगायची. मागच्या वेळी डोंगर फुटला, त्याआधी तिच्या चुलीमागची जमीन अशीच तापली होती."

तिला म्हटलं, तुझी आई काय काय सांगायची ते गावाला ठाऊक आहे. चीज ठेवून गेली. मीठ जास्त झालंय, मुद्दाम केलं असणार.

१४ नोव्हेंबर

त्याच्या ताटातला मका-घेवडा दुपारपर्यंत गरम राहिला. माझा केव्हाच निवला होता.

१७ नोव्हेंबर

टाकीतलं पावसाचं पाणी कोमट लागतं. इझिल्दाच्या शेळ्या आमच्या भिंतीशी येऊन थांबतात, आत येत नाहीत. कोंबड्या अंजिरावर चढून बसल्या आहेत, दाणे टाकले तरी उतरत नाहीत.

शाळेत सिस्टर अनुन्सियाता म्हणायच्या, भीती वाटली की गुडघे टेका. आज टेकले. फरशीची ऊब गुडघ्यांना लागली. उठावंसं वाटेना.

१८ नोव्हेंबर

इझिल्दा दारातच उभी राहिली. "चॅपलची किल्ली तुझ्याकडे असते. घंटा तू वाजवायचीस. तू सांगितलंस तर लोक गाव सोडतील, माझं कोण ऐकतंय?"

"वर्ष भरू दे. एकवीसला प्रार्थना झाली की सांगते."

"आणि तोवर? माझी नातवंडं त्या भिंतीपलीकडे निजतात, न्हा बिबियाना. तू तुझ्या नवऱ्याची वाट बघ. त्यांनी कुणाची बघायची?"

घंटा वाजवली तर सगळे मला उचलून ट्रकमध्ये घालतील. आणि डाग आता उंबऱ्यापासून हातभरावर आहेत. इतका जवळ आलाय तो. त्याला रिकामं घर कसं दाखवू?

२० नोव्हेंबर

सकाळी वेलीकडे गेले. सगळे कोंब उकडल्यासारखे लोंबत होते. पानं हाताला लागताच गळाली. खड्ड्यातून शिजलेल्या मुळांचा वास येत होता. भिंतीवरची कोयती हातात धरवेना, इतकी तापली होती.

बेलार्मिनोनं जन्मात एक कोंब वाया जाऊ दिला नाही. गारा पडल्या त्या वर्षी अंगातला कोट काढून त्यानं माझ्या वेलीवर घातला होता. हे त्याचं काम नाही.

तिथंच बसले. मग परत येताना डागांकडे नीट पाहिलं, आणि पाहिलं ते हे — वेलीपाशी डाग जवळजवळ आहेत. पुढे त्यांच्यातलं अंतर वाढत गेलं आहे. अंजिरापासून तर लांब लांब ढांगा. लंगडा माणूस अशा ढांगा केव्हा टाकतो?

तो जेवायला येत नव्हता. त्याच्या मागून काहीतरी येत होतं, आणि तो पुढे पळत मला सांगायला येत होता. मी त्याला ताट वाढत बसले.

चॅपलमध्ये जाऊन घंटा वाजवली. हात सोलून निघेपर्यंत वाजवली.

२१ नोव्हेंबर

ट्रकमध्ये बसून लिहिते. मागे धूर दिसतो आहे.

माझ्या कोंबड्या सापडतील तितक्या इझिल्दाला. चॅपलची किल्ली फादरना. माझ्या वेलीच्या काड्या ओल्या फडक्यात बांधल्या आहेत, त्या ओदीलियाला — वाऱ्याकडे भिंत घालून लावायच्या, आणि खड्ड्यात दुसऱ्या वेलीपुरती जागा सोडायची. घर डोंगराला.

माझ्या डावीकडची जागा कुणालाही देऊ नका. मघाशी इझिल्दा तिथं टेकली आणि लगेच उठली. फळी ऊबदार आहे.