बाबांचा मुक्काम आणि अंगणातलं संत्रं

१५ डिसेंबर
बाबांनी झाडाचं पाणी तोडलं! "आंबिया बहार घ्याचा तं ताण द्याच लागते." झाड महिनाभर तहानलेलं ठेवायचं, मग पाणी दिलं की फुलतं म्हणे. अमरावतीत आमच्या अंगणात एकुलतं एक संत्रं, तरी मोर्शीच्या बागेचेच नियम. "ताण माह्या हातानं सोडतो, मंगच जातो मोर्शीले." म्हणजे महिनाभर तरी राहतील — बरं वाटलं. तिथे न्हाणीत पडले तेव्हा सकाळपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. पुन्हा एकटे? नकोच. पण "पोरीच्या घरी किती दिस खाऊ?" हे रोज सुरूच.

३ जानेवारी
पानं पार मलूल. श्याम म्हणाला, "मामाजी, मारलं तुम्ही झाड!" बाबा — "जवाईबुवा, तुमी आपली बँक पाहा." आणि हसले. पडल्यापासून पहिल्यांदाच असे मोकळे!

१२ जानेवारी
"उद्या पाणी देतो," म्हणाले. मी पटकन बोलून गेले — राहू द्या अजून चार दिवस. "काहून?" म्हटलं, पानं कुठे गळलीत अजून, ताण पुरा नाही झाला. ते मानले. पण मी कुणासाठी बोलले? झाड वाळलं तर?

१६ जानेवारी
पाणी दिलं. बाबांनी खाटेखालची बॅग ओढली. कपडे भरता भरता उठले, बाहेर जाऊन आळ्यापाशी बसले. "आता फुलं पाहूनच जातो."

८ फेब्रुवारी
फुलं! अख्खं झाड पांढरं, वास थेट गल्लीपर्यंत. वाळलं नाही — सुटले मी!
बाबांचं आता नवीनच — "फळ धरलं का जातो."
दुपारी बाजारातलं संत्रं त्यांनी स्वतः सोललं. उजव्या हातात अजून जोर नाही. शर्टाचं बटणसुद्धा श्याम लावून देतो. पण संत्र्याचं साल काय, नुसतं धरलं की सुटतं. अर्ध्या फोडी माझ्या हातावर ठेवल्या. गोड होत्या.

१९ फेब्रुवारी
गारा. फूल म्हणून उरलं नाही. बाबा कितीतरी वेळ ओट्यावर उभे. मी झाडाकडे पाहिलंच नाही — बॅगेकडे पाहत होते. लाज वाटली.

२० फेब्रुवारी
सकाळी नत्थुजींचा फोन, मोर्शीचे शेजारी. आवाज स्वयंपाकघरापर्यंत — "काय पंजाबराव, घरजवाई आयकले होते, तू तं घरसासरा झाला!"
बाबांचंही ऐकू आलं —
"हाव, झालो. माही लोखंडी पेटी पाठवून दे."