फाटकाजवळचं बाक

२ डिसेंबर
सहावीतली भिंगरी आज दोन फेऱ्यांतच बसली! भिंगरी हे मैत्रिणींनी ठेवलेलं नाव – पाय जमिनीवर ठरत नाहीत म्हणून. ओठ निळसर, छातीत शिट्टी वाजतेय. पंधरा वर्षं खेळाचा तास घेते, असं कधी पाहिलं नव्हतं. म्हटलं, पळणं बंद. फाटकाजवळच्या बाकावर बसायचं. सावली आहे, शिवाय माझ्या नजरेसमोर.
"उद्या पळू?"
"नाही म्हटलं ना!"
तोंड एवढंसं झालं तिचं. बसली मात्र.

६ डिसेंबर
शाळेच्या बसगाड्या सुटायच्या अर्धा तास आधीच फाटकाशी लागतात, आणि इंजिनं चालूच! नेमका माझा शेवटचा तास. ओरडून घसा बसतो. आज बसवाल्या काकांशी भांडले. म्हणाले, "बाई, एकदा निजली की ही म्हातारी उठत नाही." हसू आलं. सोडून दिलं.

११ डिसेंबर
भिंगरीचा खोकला वाढलाय. आता कवायतसुद्धा नको. तास लागला की थेट बाकावर.

१६ डिसेंबर
भिंगरीला दवाखान्यात ठेवलंय. नाकाला ऑक्सिजन. एवढीशी दिसत होती त्या खाटेवर. आईनं माझा हात धरला – "बाई, तुम्ही जपलंत म्हणून एवढ्यावर निभावलं." खोटं कशाला लिहू, बरं वाटलं मला.

१९ डिसेंबर
पालकांनी आरडाओरडा केला म्हणून हवा मोजायला माणसं आली. शेवटच्या तासाला चार ठिकाणी यंत्रं ठेवली. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला धुराचा आकडा सगळ्यात कमी. बाकाजवळ त्याच्या चौपट!
त्यांच्यातल्या पोरसवदा इंजिनियरनं विचारलं, "इथं कोणी बसत नाही ना?"
मी म्हटलं – "नाही."

२० डिसेंबर
आगीतून काढून फुफाट्यात घातलं मी पोरीला. धापा टाकणारी मुलगी, रोज अर्धा तास, धुराच्या तोंडाशी – आणि वर मायेनं! त्यापेक्षा पलीकडच्या टोकाला नुसती फिरली असती तरी चाललं असतं.
मोठ्या बाईंना सांगितलं. म्हणाल्या, "तुम्हाला काय कल्पना? मनाला लावून घेऊ नका."
कल्पना नव्हती? ते बाक मीच पुसायचे तिच्यासाठी. फडकं रोज काळं व्हायचं. रोज धुऊन वाळत घालायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसायचे. डोळे होते की खाचा?
आणि त्या इंजिनियरला "नाही" म्हटलं. ते तर कुणालाच सांगितलं नाही.

२३ डिसेंबर
बाक हलवलं. गाड्या आता चौकापलीकडे थांबतात, इंजिन बंद करून. म्हातारी रोज मुकाट्यानं उठते. एवढंच करायचं होतं!
भिंगरीच्या आईला सांगायलाच हवं. धीर होत नाही.

२४ डिसेंबर
सांगितलं. सगळं. आई खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.
भिंगरीनंच खाटेवरून माझी बाही ओढली. हळू आवाजात म्हणाली, "मला माहीत होतं, बाई. तिथं जास्तच घुसमटायचं. पण तुम्ही रोज माझ्यासाठी पुसून ठेवायचात ना – उठले असते तर तुम्हाला वाईट वाटलं असतं."