प्रूफवाल्याच्या पेजवर बाबा

२ फेब्रु., सोम.
परत आलेल्या पार्सलांचा ढीग. शनिवार-रविवारचं सगळं सोमवारी येऊन पडतं, गोडाऊनमध्ये पाय ठेवायला जागा नाही. दुपारपर्यंत ग्राहकांना नुसते मेल. ‘वुई रिग्रेट’, ‘वुई रिग्रेट’.
डब्याच्या वेळी सुवर्णाने फोन पुढे केला. शेजारच्या टेबलावर बसते, आणि माझ्यासारखंच तिलाही प्रूफवाल्याचं वेड. लोक नेटवर चुकीचं इंग्रजी लिहितात, ते हा, कोण माणूस आहे कोणास ठाऊक, पेजवर लावतो. नाव पुसून, चुकीभोवती लाल गोल काढून. आजचा कोणीतरी नोकरी ‘लूज’ करायची नाही म्हणतोय, पण ओ दोन टाकलेत. एक ओ म्हणजे गमावणे, दोन म्हणजे सैल. मी खाली लिहिलं, नाडी आण भाऊ, नोकरी घट्ट बांधून ठेवू. सुटेपर्यंत सगळ्यात वर माझीच कमेंट.
बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

३ फेब्रु., मंगळ.
‘तानाबाना’ नावाचा एक जण मागे लागलाय. हिंदीत लिहितो, नावावरून कामतघरच्या यंत्रमागांवरचा असावा. “मतलब समझ में आया ना? फिर?” मी लिहिलं, मग स्पेलिंग असतात कशाला? तो: “उसकी नौकरी जा रही है, आप ओ गिन रही हो.” मी नऊ ओळी लिहिल्या. चूक दाखवणं म्हणजे अपमान नव्हे, हे मला इंग्रजी शिकवणाऱ्या दि. सरांचं वाक्यसुद्धा घातलं. मला बावीस लाइक, त्याला दोन.
सुवर्णा म्हणाली, सोड ना, पाव खा.

५ फेब्रु., गुरु.
टीम लीडची जागा निघाली. अर्ज इंग्रजीत, दोन पानं, वीस तारखेपर्यंत हेड ऑफिसला. आमच्या गोडाऊनमधून आजवर कोणी मुलगी त्या खुर्चीवर बसली नाही.
दि. सरांना कळवलं. उत्तर लगेच: “ड्राफ्ट पाठव. बघतो.”
बारावीनंतर दिनेश सरांच्या क्लासला गेले नसते तर आज मी पार्सलांवर पट्ट्याच चिकटवत असते. आमच्या अंजूरचेच, गावातले पहिले इंग्रजीतले एम. ए. त्यांचा क्लास कामतघरला, लूमच्या कारखान्यावर, जिना चढून. खालच्या खडखडाटात सर ओरडून शिकवायचे, म्हणून आम्हा सगळ्यांचं इंग्रजी जरा मोठ्यानेच. सकाळी बाबांच्या रिक्षात सर पुढे बाबांच्या शेजारी, मी मागे, गावापासून क्लासपर्यंत तिघं. मी मागून ‘इज-ॲम-आर’ म्हणायचे, बाबा आरशातून बघायचे.
दहा वर्षं झाली, महत्त्वाचं काहीही लिहिलं की आधी सरांना जातं.

९ फेब्रु., सोम.
सरळ लिहिते.
डब्याच्या वेळी सुवर्णा म्हणाली, आजचा बघ, मेले मी. व्हॉट्सॲपचा मेसेज, वरचं नाव पुसलेलं. ‘माय फादर इज एक्स्पायर्ड टुडे मॉर्निंग. ही वॉज सफरिंग फ्रॉम किडनी सिन्स टू इयर्स.’ वर प्रूफवाल्याची ओळ: एक्स्पायरी डेट पाकिटाच्या मागे बघावी.
मी हसले.
आधी हसले. मग वेळ दिसली. सकाळी ६.१०. मग खालचं वाक्य, ‘प्लीज ब्लेस माय मदर ऑल्सो.’
सुवर्णा अजून हसत होती. तिला कुठे माहीत. बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले. पाणी सोडून.

९ फेब्रु., पुन्हा
दिवाळीच्या आधीची, बाबा गेले ती सकाळ. डॉक्टर बाहेर येऊन बोलून गेले, आई खुर्चीवर, धाकट्या बहिणीला, पल्लवीला, अजून फोनही केला नव्हता. आणि मी ऑफिसला कळवायला इंग्रजीत मेसेज लिहीत बसले, तो आधी सरांना पाठवला. तेव्हासुद्धा. चार मिनिटांत नीट होऊन आला. सगळीकडे गेला तो नीट झालेला. चुकीचा एकाच माणसाकडे गेला.
फोन तपासला. तीनदा. एकाच माणसाकडे.

१० फेब्रु., मंगळ.
कमेंट वाचल्या. वाचायच्या नव्हत्या.
एक म्हणतो सिन्स नाही, फॉर पाहिजे. दुसरा म्हणतो ‘इज’ नको, ‘हॅज’. तिसरा, आपल्याकडे एक्स्पायर्ड चालतं, इंग्रजांची गुलामी सोडा. चौथा, माणूस काय दूध आहे का. एकाने लिहिलंय, आपण सगळेच किडनीने सफर होतोय, माझ्याकडे तर दोन आहेत. ह्याच्यावर हसणारे सगळ्यात जास्त. सिन्स आणि फॉर वरून दोघं आईबहिणीवर आले.
पार खाली तानाबाना. एकच ओळ. “किसके वालिद थे?”
त्याला कोणी उत्तर दिलेलं नाही. मीही नाही.

११ फेब्रु., बुध.
सरांचा फोन कोणी घेतला असेल. क्लासमधलं कोणी. फोन टेबलावर ठेवून जातातच ते. किंवा हॅक. सुवर्णाच्या भावाचा झाला होता.
सर दहाव्याला आले होते. अंजूरच्या खाडीवर, उन्हात, शेवटपर्यंत थांबले. आईजवळ बसून म्हणाले, वहिनी, मनीषाचं मी बघतो.
ते नसणार.

अर्जाचा पहिला परिच्छेद पाठवला. त्यात एक वाक्य मुद्दाम घातलं. पाच वर्षांचा अनुभव, ह्याच्या जागी ‘फाइव्ह इयर्स ओल्ड एक्स्पीरियन्स’. लिहिताना लाज वाटली. मी, सरांची परीक्षा घेणार.
दहा मिनिटांत दुरुस्त होऊन आलं. खाली, “गुड. इम्प्रूव्हिंग.”

१४ फेब्रु., शनि.
आलं पेजवर. लाल गोलासकट. वर ओळ: अनुभव पाच वर्षांचा झाला, आता बालवाडीत घाला.
ओळ चांगली आहे. तेच जास्त लागलं.

१६ फेब्रु., सोम.
शिफ्ट सुटल्यावर कामतघर. रिक्षात मागेच बसले, पुढची सीट रिकामी होती तरी.
क्लासमध्ये दोन पोरी. सहा बाक. सरांनी मला बघून त्यांना सोडलं. म्हणाले, अर्जाचं दुसरं पान आणलंस?
मी फोन समोर धरला. त्यांनी बघितला, चष्मा काढला, पुसला, परत लावला.
“नाव दिलंय का मी कुठं?”
एवढंच आधी. मग बरंच. पोरं आता फोनवर इंग्रजी शिकतात, क्लासला कोण येणार. पेज चाललं तर पेजवरून पोरं येतील. रोज नवीन काहीतरी लावावं लागतं, बाहेरचं पुरत नाही. उदाहरण म्हणून घेतलं. शिकवतानाही आपण उदाहरणं घेतोच ना.
मी म्हटलं, “बाबा होते माझे. तुमच्या शेजारी बसायचे.”
ते म्हणाले, “मनीषा, माझ्या डोळ्यांपुढे तेव्हा वाक्य होतं. माणूस नव्हता. खरं सांगतो.”
खरं सांगत होते, तेच वाईट.
मग म्हणाले, “आणि तू? तुझ्या सगळ्या कमेंट वाचतो मी. ती नाडीची. मला तर अभिमान वाटायचा, आपल्या अंजूरची पोरगी अशी लिहिते. मला वाटलं तुला हे आवडतं.”
मी फोन पर्समध्ये टाकला. खाली लूम चालू होते.
ठाण्याच्या कॉलेजात शिकताना सरांना एकदा उभं करून धडा वाचायला लावला होता. सगळा वर्ग हसला होता त्यांच्या उच्चारांना. आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं त्यांनी, आणि म्हणाले होते, माझ्या पोरांवर कोणी हसणार नाही. मला आठवण करून द्यायची होती. दिली नाही. जिना उतरताना मागून म्हणाले, “काढतो ते. आजच काढतो.”

१७ फेब्रु., मंगळ.
काढलं. पण सुटलं ते सुटलं. दुपारी आमच्या घरच्या ग्रुपवर आलं, पडघ्याच्या आतेभावाने टाकलं, खाली हसणारी तोंडं सहा. बाबांचाच भाचा. बाबांना खांदा दिलेला. त्याला काय माहीत.
आईला इंग्रजी येत नाही. चित्र बघून म्हणाली, काय हाय ते?
“कोणाचं तरी इंग्रजी चुकलंय.”
“मंग तुजा तोंड का उतरलाय गो?”
“वडील गेल्याचा मेसेज आहे.”
आईने फोन जवळ घेऊन परत बघितलं. “कोनाचा बाप मेला नं यांना हसू येतंय? त्याच्या घरी कोन न्हाय काय?”
भाजी चिरायला घेतली मी. मग तीच म्हणाली, पल्लवीची दहावीची परीक्षा झाली की तिला सरांकडं घालायची, फॉर्म मागवलाय मी. “तुजा चांगला झाला, तिचा पन होईल. त्यो मानूस देव हाय.”
पल्लवी अभ्यास करत होती. तिने मान वर केली नाही.

१९ फेब्रु., गुरु.
अर्ज उद्या जायला हवा. दोन दिवसांत चार ओळी. प्रत्येक वाक्यावर हसणारी माणसं दिसतात. ‘सिन्स’ लिहिलं, खोडलं, ‘फॉर’ लिहिलं, खोडलं, शेवटी वर्षंच काढून टाकली. हे मला येतं. पोरांना मी सांगते गोडाऊनमध्ये. आणि हात चालत नाही.
एकदा सवयीने सरांचं नाव काढलं फोनमध्ये. पाठवायला.

२० फेब्रु., शुक्र.
पाठवला. कोणालाही न दाखवता. छोटी छोटी वाक्यं केली, जेवढी पेलतील तेवढी. काय काम केलं, किती माणसं सांभाळली, कुठला घोळ मी निस्तरला. पाठवल्यावर दिसलं, ‘रिसीव्ह’मध्ये आय आणि ई उलटे पडलेत. पहिल्याच पानावर.
पडू दे.
सुवर्णाला सांगितलं सगळं. तो मेसेज माझा होता हेही. ती रडायला लागली, मलाच तिला पाणी द्यावं लागलं. मग म्हणाली, सरांचं नाव जाहीर करू या, लोक फाडून खातील. खातील, हे खरं. मला त्याचीच भीती वाटते. दोन पोरी आहेत अजून त्या बाकांवर.

२२ फेब्रु., रवि.
माझ्या जुन्या कमेंट काढायला बसले. खाली जात राहिले. एका लग्नपत्रिकेवर. एका औषधाच्या दुकानाच्या पाटीवर. एका आईने शाळेला लिहिलेल्या चिठ्ठीवर. सगळ्या हुशार, सगळ्या सरांच्या वाटतील अशा. जेवायची हाक आली तरी संपल्या नव्हत्या.
तानाबानाला वेगळा मेसेज केला, त्याच्या त्या प्रश्नाचं उत्तर: “मेरे थे.” त्याने हात जोडलेलं चित्र पाठवलं. आणखी काही विचारलं नाही.

१ मार्च, रवि.
सकाळी सर घरी आले. चालत. आईने पल्लवीला पाया पडायला लावलं. आई चहा टाकायला आत गेली तेव्हा सरांनी फोन माझ्या हातात दिला. पेजवर माफी लिहायची म्हणाले, पेज बंद करायच्या आधी. तू तपास.
वाचलं. सुंदर इंग्रजी. एकही चूक नाही, दोनदा शोधली. चुका झाल्या आहेत. भावना दुखावल्या गेल्या आहेत. मर्यादा ओलांडली गेली आहे. सगळं पॅसिव्हमध्ये, सरांनीच शिकवलेलं.
म्हटलं, “सर, ह्यात कर्ता नाही कुठेच.”
त्यांनी वाकून परत वाचलं. मग म्हणाले, “मग तू सांग, कसं लिहू.”
मी फोन परत दिला. “इंग्रजी राहू द्या. आई चहा घेऊन येतेय. तिला सांगा. मराठीत.”
आई आली. सरांनी बशी घेतली. आई समोरच बसली, पदर सावरून, सर काय म्हणतायत ते ऐकायला. सरांनी तिच्याकडे बघितलं, मग भिंतीवर बाबांच्या फोटोकडे. कप अर्धा झाला.
“वहिनी,” म्हणाले.
आई म्हणाली, “बोला ना सर.”
“साखर जरा जास्त झाली.”
आई हसली, म्हणाली, तुमाला गोड लागतो म्हनून घातली.
उठताना सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. दारात चप्पल घालताना म्हणाले, गुरुवारी येतो परत. मग सांगतो. आईला वाटलं क्लासबद्दल.
ते गेल्यावर आईने फॉर्म आणून ठेवला माझ्यापुढे. सगळा भरलाय पल्लवीने, स्वच्छ अक्षरात. पालकाच्या सहीची जागा रिकामी. “तू कर सही,” आई म्हणाली, “तुना इंग्रजी येतंय.”
गुरुवारपर्यंत ठेव म्हटलं.
“का गो? सर काय बोलनार हायत?”
पल्लवी दारात उभी होती. ती आईकडे नाही, माझ्याकडे बघत होती. तिच्या हातात तिचा फोन होता, त्यावर ते लाल गोलाचं चित्र.