चप्पल घालून चालतंय

१२ जानेवारी, रविवार. लातूर.

शेजारचे डॉक्टर दुपारी चहाला आले आणि पुढच्या रविवारचा बेत ठरवूनच उठले. औशाच्या पलीकडं कुणीतरी गोल्फचं मैदान केलंय म्हणे. "लई साधं हाय सर. कपड्याचा नियम न्हाई, काठ्या तिथंच मिळतात. चप्पल घालून आलात तरी चालतंय." मी हाव म्हणलो. मग त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवला. हिरवळ, सातव्या होलचा लाल झेंडा आणि मागं दोन बुंध्यांची चिंच.

ती चिंच आमच्या दारातली.

भूकंपानंतर गाव उठून दुसरीकडं गेलं. जुन्या गावठाणावर बाभळी माजल्या होत्या, आता गवत लावलेलं दिसतंय. डॉक्टर नांदेडचे, त्यांना काय माहीत. पण मी तरी गप्प का बसलो?

पूर्वी वर्षातून एकदा, भूकंपात गेलेल्यांच्या आठवणीला, आम्ही तिथं जायचो, तेव्हा वेशीबाहेर सगळेच चप्पल काढायचे. कुणी सांगितलेलं नव्हतं. मीही काढायचो. लोकांना वाटायचं, सर श्रद्धेनं काढतात.

चप्पल घालून आलात तरी चालतंय. हे वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. नाही म्हणून कळवू का? कारण काय सांगू, गुडघा?

त्या पहाटे जमीन हलली, तेव्हा मी दारात थांबून चप्पल घातली होती. धाकटी बहीण सुमी आत झोपलेली होती. मी तिला हाक मारली नाही. उजवी चप्पल सापडत नव्हती, ती मात्र शोधली.