बिस्किटरावांचं वजन आणि माझं विमान

॥ श्री ॥
कॅसल हिल, सिडनी
रविवार, २६ जुलै २०२०

चि. मीनाक्षीस,

भास्करदादाचे आशीर्वाद, आणि परवा नागचतुर्थीला माझ्यासाठी उपास धरलास त्याबद्दल वर एक जादा. दरवर्षी तू भावाच्या आयुष्यासाठी उपाशी राहतेस आणि संध्याकाळी त्याच भावाशी कडाकडा भांडतेस. यंदा भांडण झालं नाही, चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. गुडघा कसा आहे? मास्क नाकावर लावायचा असतो, हनुवटीवर नाही (व्हिडिओ कॉलवर बघितलंय मी). माझी प्रकृती ठणठणीत. टपालाचा भरवसा नाही, म्हणून मयूरा या पानांचे फोटो काढून तुला व्हॉट्सॲपवर पाठवेल. नातीला मराठी वाचता येत नाही याचं दुःख आहे, पण आज तेच सोयीचं आहे.

मुख्य बातमी ही की, आठ ऑगस्टच्या सरकारी विमानात माझा नंबर लागला. दोन महिन्यांसाठी आलेला माणूस सहा महिने अडकून पडला होता, तो आता सांगलीला येणार. मंगळवार संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचंय, आणि सलिलनं माझी बॅगसुद्धा माळ्यावरून काढून ठेवलीय. मला यायचंच आहे. इथे आहे काय? सलिल आणि लीना, लेक-सून दोघंही, दोन खोल्यांत कॉम्प्युटरपुढे बसून दिवसभर भिंतीशी बोलतात. रस्त्यावर चुकून माणूस दिसलाच तर "हाऊ यू गोइंग, मेट" विचारतो आणि मी सांगायला लागेपर्यंत कोपऱ्यावर पोचलेला असतो. आणि घरात अजगर आहे.

घाबरू नकोस, चार फुटीच आहे. तुला बोललो नव्हतो, कारण तू लगेच कुणाला तरी पत्रिका दाखवली असतीस. मयूराला खरं तर अमेरिकेतला किंगस्नेक हवा होता, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. पण परदेशी साप पाळायला इथे सक्त मनाई. (सलिलला कायमचं राहायची परवानगी मिळायला सहा वर्षं लागली, सापाला तर अर्जसुद्धा करता येत नाही.) म्हणून इथलाच, जन्मानं ऑस्ट्रेलियन असा कार्पेट पायथन आणला, लायसन्स सलिलच्या नावावर. नाव बिस्किट. मी बिस्किटराव म्हणतो. वयानं लहान असला तरी अजगराला अरेतुरे करायची माझी छाती नाही.

पहिले दोन महिने मी त्या काचेच्या पेटीकडे दारातूनच बघत होतो. मग शाळा बंद झाली, मैत्रिणी स्क्रीनमध्ये गेल्या, आणि आपली पोरगी बोलायचीच थांबली. जेवायला हाक मारली की "नॉट हंगरी", काय गं विचारलं की "नथिंग". सलिल म्हणायचा, बाबा, वयच तसं आहे. मला ते पटत नव्हतं. एक दिवस ती माझ्या खुर्चीपाशी आली, माझा तळहात धरून बघितला आणि म्हणाली, "आजोबा, तुझे हात गरम आहेत. बिस्किटला माझे हात थंड वाटतात." महिन्याभरातली पहिली मराठी वाक्यं, मीनू. (आजोबांना अहो म्हणतात हे नंतर शिकवू म्हटलं.) मग काय करणार, दिले हात. बिस्किटराव मनगटाला विळखा घालून शांत पडले. मी शांत नव्हतो, पण ती शेजारी बसली आणि तासभर काहीबाही सांगत राहिली. तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही तिघं बसतो.

बिस्किटरावांचं जेवण म्हणजे गोठवलेले उंदीर, फ्रीझरमध्ये आपल्या खवलेल्या नारळाशेजारी. शनिवारी एक काढायचा, कोमट पाण्यात सोडायचा आणि चिमट्यात धरून त्यांच्यापुढे जिवंत असल्यासारखा हलवायचा. काटा मारणाऱ्या दुकानदारांना पकडण्यात माझा जन्म गेला, आणि आता मी अजगराला फसवतोय. तेही जमत नाही. सात आठवडे झाले, त्यांनी तोंड उघडलेलं नाही. डॉक्टर फोनवर म्हणाले, थंडीत असं करतात, वजन उतरत नाही तोवर नो वरीज.

वजन म्हटल्यावर मी पुढे सरसावलो. वजनमापे निरीक्षक घरात असताना दुसऱ्या कुणी काट्याला हात लावायचा नाही, असं जाहीर केलं. दर रविवारी स्वयंपाकघरातला काटा समपातळीत आहे का ते बघायचं, त्यांना स्टीलच्या डब्यात गुंडाळून ठेवायचं, आकडा वहीत, खाली माझी सही. नऊशे पन्नास, नऊशे पन्नास, नऊशे पन्नास. गेल्या रविवारी आला सातशे साठ. एका आठवड्यात एकशे नव्वद ग्रॅम! मयूरा पेटीजवळ बसून रडली, जेवली नाही. सलिलनं रविवार असूनही डॉक्टरांना फोन लावला. मीही देवापुढे बसलो, हे कुणाला सांगू नकोस.

संध्याकाळी लीना पोळ्या करायला आली आणि सहज म्हणाली, बाबा, माझा पोळ्यांचा डबा सापाला दिला होतात तो घासून परत घेतलाय हं, तुम्ही आइस्क्रीमचा डबा वापरा. तो मी सकाळी वापरलाच होता. डब्याचं वजन कुठल्याच रविवारी वजा केलं नव्हतं मी. स्टीलचा डबा तीनशे दहा, प्लॅस्टिकचा एकशे वीस. या एका चुकीसाठी मी जिल्ह्यातल्या किती दुकानांना सील ठोकलं असेल! बिस्किटराव तेव्हाही सहाशे चाळीस होते, आताही आहेत. मी नातीची माफी मागितली. तिनं माझ्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाली, "इट्स ओके आजोबा, तू पण टेन्शनमध्ये होतास."

काल नागपंचमी. मी काही चिरलं नाही, तवा ठेवू दिला नाही, पेटीच्या काचेला हळदकुंकू लावून नमस्कार केला आणि मग उंदीर पुढे धरला (पंचांगात याबद्दल काहीच नाही). त्यांनी जीभ लावली आणि मान फिरवली. मयूरानं विचारलं, "तो खाईपर्यंत तू थांबशील ना?" माझ्या तोंडून हो निघून गेलं.

असो. मुलांच्या बोलण्यावर विमानं ठरत नाहीत. येतोय. खालच्या खोलीतला पंखा दुरुस्त करून घे.

तुझा,
भास्करदादा

ता. क. पंखा राहू दे. मीनू, एक काम कर. मंगळवारच्या आत सलिलला फोन करून ठणकावून सांग, की इकडे रुग्ण वाढलेत, दादाचं वय बहात्तर, दिवाळीपर्यंत त्याला पाठवू नकोस. मी स्वतः नाही म्हणालो तर तो म्हणेल, बाबा सापापायी राहिले. आणि मयूरापायी राहतोय हे मला त्याच्यासमोर म्हणवणार नाही, रडू येईल.

आणखी एक. तूही तिथे एकटी आहेस, आणि तुलाच हे सांगायला लावतोय, हे मला कळतंय. फोनवर आवाज कडक ठेव. सलिल स्पीकर लावतो, मी शेजारीच बसलेला असेन. तुझा आवाज जरा जरी कापला, तर मी आठ तारखेच्या विमानात बसेन.