देवघरातला ख्रिस्तोफर

५ ऑगस्ट २००६
कार बूट सेलमध्ये, गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात तिथे, एक नंबर चित्र मिळालं. दाढीवाला धिप्पाड बाप्या, हातात काठी, गुडघाभर पाणी, खांद्यावर बाळ. खाली लॅटिनच्या दोन ओळी. विकणारा म्हणे, असेल कुठलातरी सेंट. घरी येऊन ओळींवर पुठ्ठ्याची पट्टी सरकवली. "आई, वसुदेव आणि कृष्ण! गोऱ्याने काढलेले." आईने चक्क डोळे पुसले. बाथरूममध्ये जाऊन हसलो.

६ ऑगस्ट
काच तडकलेली होती. फुटकी काच देवघरात चालत नाही, म्हणून आईने ती काढायला लावली. आता रोज कुंकू, फूल.

७ ऑगस्ट
जूनमध्ये बाबांनी एम-वन हायवेवर गाडी ठोकल्यापासून आई त्यांना चावी देत नव्हती. हॉस्पिटलात ड्यूटीला जायचे दोन बस बदलून. आज स्वतः चावी दिली. "आधी वसुदेवाकडे बघा. त्याने पूर ओलांडला, तुम्हाला राउंडअबाउट जमतील."
हसू आलं. पण कमी.

१६ ऑगस्ट, गोकुळाष्टमी
घर फुल. जोशीकाकू : "अरे, वसुदेवाची टोपली कुठंय?"
"पुरात गेली काकू. म्हणून तर खांद्यावर घेतलंय."
पटलं सगळ्यांना! काय डोकंय माझं.
मग सुनीतामावशी. केंब्रिजला म्युझियममध्ये जुने कागद दुरुस्त करतात. चित्राला नाक लावून बघितलं आणि मला किचनमध्ये ओढलं. "सेंट ख्रिस्तोफर आहे हा. लाकडी ठशाची छपाई. पाचशे वर्षांचं असेल, नाहीतर नंतरची नक्कल. कपाळावर ओलं कुंकू कोणी लावलं?"
"आईने."
"अरे देवा. आणि तू हे का उचललंस?"
"त्याचे पाय. खरंच वजन पेलतोय असे काढलेत."
"डोळा आहे रे तुला."
शाळेत कोणी कधी बोललं नाही असं. परत बोलायला लावलं.
परत देवघरात जाऊन त्यांनी पट्टी सरकवून ओळी वाचल्या. ज्या दिवशी ह्याचं तोंड बघाल, त्या दिवशी वाईट मरण नाही. लोक दारावर चिकटवायचे म्हणे. म्हणजे आई बरोबरच...
काटा आला.

१८ ऑगस्ट
आईला सगळं सांगून टाकलं. भांडी घासत होती. वाटलं, आता लाटणं येतंय.
"बाळ कोण मग?"
"येशू. पावलागणिक जड होत गेला म्हणे."
आईने नळ बंद केला.
"वसुदेवाला यमुनेने वाट दिली. ह्याला कोणी दिली? तरी पोचवलंच ना." मग, "गाढवा, देवाची थट्टा करतोस!"

२० ऑगस्ट
चित्र केंब्रिजला गेलं. पॅक मी केलं, मावशी नुसत्या सांगत होत्या. तपासताना शेजारी बसायला मला बोलावलंय. मला! बाबा सकाळपासून फोनवर : "आमचे चिरंजीव म्युझियममध्ये."
खरं निघेल की नक्कल, कुंकू जाईल की नाही, मावशींनाही माहीत नाही.
बाबांची ड्यूटी उद्या सातला. देवघरात जागा मोकळी. आईने टेबलावर बसचं टाइमटेबल ठेवलंय. शेजारी गाडीची चावी पण.